‘असू दे, लागेल!’

मराठी घरातली कुठलीही बॅग एकाच मंत्राने भरली जाते. ‘असू दे, लागेल!’ दोन दिवस नाशिकला निघालात तरी स्वेटर जातो, कारण असू दे. जादा चादर जाते, कारण लग्नघरात काय मिळेल सांगता येत नाही. आणि चिवड्याचा डबा तर न विचारताच आत जाऊन बसतो. एसटीत किंवा गाडीच्या डिकीत हे सगळं खपून जातं. ओझं इंजिन ओढतं, आपण खिडकीतून बाहेर बघतो. पण इंजिन म्हणजे तुमच्याच दोन मांड्या असतील तर?

तर मंडळी, या आठवड्याचा विषय आहे बाइकपॅकिंग. आधी एक गैरसमज दूर करू या. मराठीत ‘बाइक’ म्हटलं की डोळ्यांसमोर किक मारून सुरू होणारी गाडी येते. इथली बाइक म्हणजे सायकल. सामान सायकलला बांधायचं आणि मुक्काम करत करत चार-पाच दिवस भटकायचं. पूर्वी मागे लोखंडी कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या मोठ्या बॅगा असा थाट असायचा. बाइकपॅकिंगवाल्यांनी कॅरिअर काढून टाकला आणि मऊ, लांबट पिशव्या थेट सायकलच्या अंगाला पट्ट्यांनी आवळल्या: एक हँडलला, एक फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात, एक सीटच्या मागे. सगळ्या मिळून जागा होते साधारण २५ ते ३० लिटर. म्हणजे ऑफिसला जाताना पाठीवर असते ती लॅपटॉपची सॅक, फार तर थोडी फुगलेली. चार-पाच दिवसांचा संसार तेवढ्यात मावायला हवा.

नाव नवं आहे, पण सायकलवर घर बांधून निघण्याचं वेड मुंबईला जुनंच आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं ती पूर्ण करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले. चार वर्षं पाच महिने आणि सुमारे ७१ हजार किलोमीटर! आपल्याला एवढं काही करायचं नाहीये. आपल्याला बुधवारपासून रविवारपर्यंतचे पाच दिवस मिळालेत, त्यातल्या तीन रजा बॉसकडून कशाबशा मंजूर झाल्यात, आणि सोमवारी सकाळी साडेनऊला कार्ड पंच करायचंय. म्हणूनच पॅकिंग नीट जमायला हवं. साडेचार वर्षांच्या प्रवासात एक दिवस वाया गेला तर चालतो. पाच दिवसांच्या प्रवासात तो परवडत नाही.

रूट ठरला की बॅग ठरते

बहुतेक जण उलटं करतात. आधी शनिवारी संध्याकाळी मॉलमध्ये जाऊन बॅगा, बाटल्या, टॉर्च, चाकू आणि एक छोटा फोल्डिंग स्टोव्ह घेतात. मग घरी येऊन ‘जायचं कुठं?’ असा विचार करतात. लडाखला निघालात तर वेगळं सामान, कोकणात निघालात तर वेगळं. तेव्हा बॅगेची चेन उघडण्याआधी नकाशा उघडा.

उदाहरणादाखल आपण पहिल्या ट्रिपसाठी सगळ्यात लाडका रूट घेऊ, कोकणचा सागरी रस्ता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने सायकलसकट मांडव्याला उतरायचं. ही बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि सायकलवाल्यांचा पनवेल-वडखळचा ट्रॅफिकचा वनवास टळला. पहिल्या दिवशी अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरुड-जंजिरा. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून खाडी ओलांडून दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिसऱ्या दिवशी बागमांडला ते वेसवी अशी पुढची खाडी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै आणि मुक्कामाला दापोलीजवळचं मुरुड. हे महर्षी कर्व्यांचं मुरुड बरं का, जंजिऱ्याचं नव्हे. रूम बुक करताना दोन मुरुडांचा घोळ घालू नका! चौथ्या दिवशी दाभोळहून धोपावे आणि पुढे गुहागर. पाचव्या दिवशी चिपळूण गाठून परतीची गाडी. रोजचे साधारण ५० ते ७० किलोमीटर. पुणेकर ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळामार्गे श्रीवर्धनला येऊन हाच रस्ता पकडू शकतात.

आकडे वाचून ‘एवढंच?’ म्हणू नका. नकाशावर समुद्राकाठची रेघ सपाट दिसते, रस्ता तसा नाही. दर खाडीशी सरळ पाण्यापर्यंत उतरायचं, फेरीबोटीतून (तिकडे तिला जंगलजेटी म्हणतात) पलीकडे जायचं आणि उतरल्या उतरल्या पुन्हा डोंगर चढायचा. तो चढ चढताना बॅगेतली प्रत्येक अनावश्यक वस्तू तुमच्याशी बोलायला लागते. जीन्सची दुसरी पँट तर जरा जास्तच बोलते.

गावात काय मिळतं?

आता या कॉलमचा एकमेव फण्डा. जे गावात मिळतं ते न्यायचं नाही. जे गावात मिळत नाही ते विसरायचं नाही. बास! बाकी सगळं या दोन वाक्यांत बसतं.

कोकणातल्या या रस्त्यावर साधारण कुठलंही मोठं गाव घ्या. किराणा दुकान आहे. चहाची टपरी आहे. मेडिकल आहे. मोटरसायकलचं पंक्चर काढणारा आहे. ‘घरगुती जेवणाची व राहण्याची सोय’ अशी पाटी तर दर चार घरांआड आहे. म्हणजे तंबू नको, स्लीपिंग बॅग नको, स्टोव्ह नको, पाच दिवसांचे नूडल्स नकोत. शाम्पूची बाटली नको, दुकानाबाहेर पाऊचच्या माळा लटकलेल्या असतात. डिटर्जंटची पिशवी नको, वडी मिळते. सुतळी मिळते, खोबरेल मिळतं, केळी, शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याची चिक्की मिळते. शहरातल्या एनर्जी बारच्या किमतीत इथं दोघांचा नाश्ता होतो, आणि तो जास्त चवदार असतो.

हा काही कंजूष मराठी माणसाचा जुगाड नाही. कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिका-मेक्सिकोच्या सरहद्दीपर्यंत सुमारे ४,४०० किलोमीटरची ‘टूर डिव्हाइड’ ही शर्यत २००८ पासून होते. बाइकपॅकिंगची ही पंढरीच म्हणा ना. तिथला नियम असा, की वाटेतलं जे दुकान सगळ्यांना उघडं आहे तिथून काय हवं ते घ्या, पण खास तुमच्यासाठी कुणी गाडीतून सामान आणून द्यायचं नाही. म्हणजे जगातले कसलेले सायकलवालेसुद्धा सगळं घरून नेत नाहीत. पुढचं दुकान किती लांब आहे याचा हिशेब करून तेवढंच नेतात. तुमचं पुढचं दुकान तासाभरावर असेल तर तासाभराचं खाणं पुरे.

मात्र ‘मिळतं’ या शब्दाला कोकणात काही अटी लागू आहेत. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात, कारण माणसं जेवून लवंडलेली असतात. घरगुती जेवण हवं असेल तर आधी फोन करून सांगावं लागतं. दोन वाजता घामाघूम होऊन दारात उभं राहिलं, की ताट आपोआप येत नाही. काही खाड्यांच्या कडेला मोबाइलची रेंज गायब होते आणि रेंज नसली की फोनमधले पैसेही गायब. तेव्हा फेरीबोटीसाठी आणि चहासाठी दहा, वीस, पन्नासच्या नोटा वेगळ्या ठेवा. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी विचारा. वारं-वादळ असलं की फेरी थांबते, आणि शेवटची फेरी चुकली तर वळसा परवडणारा नसतो.

आणि काय मिळत नाही?

आता दुसरी बाजू. ही यादी छोटी आहे, पण तिच्यात सूट नाही.

पहिला मान ट्यूबचा. आपल्या हायब्रिड किंवा रोड सायकलच्या मापाची ट्यूब श्रीवर्धनच्या बाजारात मिळेल अशी आशा धरू नका. तुमच्या सायकलच्या दोन ट्यूब, पंक्चर किट, टायर काढायचे प्लॅस्टिकचे दोन-तीन पट्टे आणि छोटा पंप. आता तुमच्या व्हॉल्व्हकडे नीट बघा. तो बारीक, लांबट, टोकाला पितळी स्क्रू असलेला असेल तर तो ‘प्रेस्टा’. मोटरसायकल आणि गाड्यांचा जाड असतो तो ‘श्रेडर’. गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड श्रेडरचं असतं, ते प्रेस्टावर बसत नाही. यावर उपाय एक पितळी अॅडॉप्टर, आकाराने शेंगदाण्याएवढा. तो प्रेस्टावर फिरवून बसवला, की राज्यातला प्रत्येक पंक्चरवाला तुमचा! किमतीत आणि वजनात एवढी स्वस्त, उपयोगात एवढी महाग वस्तू दुसरी नाही.

मग चेन. चेन तोडायची सोय असलेला मल्टिटूल आणि तुमच्या चेनच्या मापाची एक ‘क्विक लिंक’. मागच्या गिअरचा काटा सायकलला ज्या छोट्या पट्टीने जोडलेला असतो, तिला हँगर म्हणतात. सायकल उजव्या अंगावर पडली की ही पट्टी वाकते, कधी मोडतेही. प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, त्यामुळे ती मुंबई-पुण्यातही शोधावी लागते. एक घेऊन ठेवा. डिस्क ब्रेक असतील तर पॅडचा एक जोड. खाडीकडच्या उतारांवर सामानासकट तुम्हाला थांबवायचं काम तेच करतात. चेनच्या तेलाची लहान बाटली, चार-पाच केबल टाय, थोडी इलेक्ट्रिकची टेप (पेनाभोवती गुंडाळून नेली तर रीळ लागत नाही) आणि बाबांच्या जुन्या बनियनचा एक तुकडा. पॅकिंगच्या जगात जुन्या बनियनला तोड नाही.

यातलं काही वापरता येत नसेल तर ते नेण्यात अर्थ नाही. बेडरूममध्ये फॅनखाली बसून मागचं चाक काढा, ट्यूब बदला, चाक परत बसवा. पहिल्या वेळी पाऊण तास लागेल, तिसऱ्या वेळी पंधरा मिनिटं. हँगर बदलायची वेळ आली तर काय करायचं, हे नेहमीच्या सायकलवाल्याकडून एकदा प्रत्यक्ष बघून घ्या.

तिसरी गोष्ट तुमचं शरीर. रोजची औषधं, चष्मा असेल तर जादा चष्मा, हे कुठल्याच दुकानात मिळत नाही. मलमपट्टीचं छोटं पाकीट आणि ओआरएसच्या दोन-तीन पुड्या. ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घालायचं. ‘थोडं घट्ट चालेल’ हा कोकम सरबताचा नियम इथं लावू नका. हेल्मेट, पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, चार्जर आणि एक पॉवर बँक. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा.

कपडे : अंगावर एक, दोरीवर एक

सायकल चालवायचे दोन जोड आणि संध्याकाळचा एक जोड. पाच दिवस असोत की पंधरा, हिशेब तोच. संध्याकाळी पोचलात की पहिलं काम कपडे धुणं, दुसरं चहा. समुद्राकाठी रात्री दव पडतं, बाहेर दोरीवर ठेवलेले कपडे सकाळी ओलेच सापडतात. म्हणून रात्री ते खोलीत, फॅनखाली. कॉटनचा टी-शर्ट घाम पितो आणि मग वाळायचं नाव घेत नाही, त्यामुळे पातळ सिंथेटिक बरा.

पॅड लावलेल्या सायकलिंग शॉर्ट्सवर काटकसर नको, दोन हव्यातच. एक मुद्दा मात्र दुकानदार संकोचाने सांगत नाहीत, म्हणून आपण सांगू. या शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. शिवण घासून होणाऱ्या जखमांपासून वाचण्यासाठीच त्या शिवलेल्या असतात. जांघेत थोडं व्हॅसलिन किंवा खोबरेल लावा, रोज धुतलेलीच शॉर्ट घाला. पाच दिवसांच्या ट्रिपा दमल्यामुळे कमी आणि बसता न आल्यामुळे जास्त अर्धवट राहतात.

टॉवेल? जाड, गुबगुबीत टॉवेल घरीच छान. आपला पंचा घ्या. अंग पुसा, डोक्याला बांधा, उन्हात मानेवर टाका, रात्री पांघरा, आणि धुतला की तासाभरात वाळतो. विलायती कंपन्या ‘क्विक ड्राय’ नावाने जे विकतात, ते आजोबांच्या खुंटीवर केव्हाचं लटकतंय.

आणि ओलं-कोरडं वेगळं ठेवायला काय? आईने धुऊन टाइल्सवर चिकटवून वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या! जाड असतात, फाटत नाहीत, हत्यारं एका पिशवीत, ओले मोजे एका पिशवीत. कपड्यांसाठी मात्र एखादी धड वॉटरप्रूफ पिशवी असू दे. (बघा, मंत्र कधीकधी कामाचा असतो.)

मैत्रिणींसाठी दोन शब्द. पाळीची तारीख जवळ असो वा नसो, कप किंवा पॅड तुमच्या सवयीचे बरोबर ठेवा. गावात मिळतील, पण तुमच्या नेहमीचे मिळतीलच असं नाही. बाथरूमसाठी टपरीपेक्षा घरगुती खाणावळ किंवा पेट्रोल पंप बरा. आणि मुक्काम आधी फोन करून ठरवा, शक्यतो जिथं त्या घरातल्या काकू फोनवर बोलतात तिथं. पाच मिनिटांच्या बोलण्यात घराचा अंदाज येतो.

कुठे काय ठेवायचं

वजन कमी केलंत, आता ते वाटा. सूत्र सोपं: जड ते मध्ये आणि खाली, हलकं ते पुढे आणि मागे. हत्यारं, ट्यूब, पॉवर बँक, पंप हे फ्रेमच्या त्रिकोणात. कपडे सीटच्या मागे. पांघरूण, विंडचीटर असं हलकं पण फुगणारं हँडलवर. हँडलवर जड वस्तू बांधलीत तर पुढचं चाक वळताना हट्ट करतं आणि उतारावर थरथरतं. सीटमागची बॅग सैल भरली तर चढावर उभं राहून पेडल मारताना ती शेपटीसारखी डावी-उजवीकडे डुलते आणि तुम्हालाही डुलवते. कपडे घट्ट गुंडाळून, कोंबून भरा. यात जे त्यातल्या त्यात जड असेल ते सीटच्या दांड्याला चिकटून.

मग सायकल उचलून दहा सेंटिमीटरवरून जमिनीवर आपटा. हळू, पण आपटा. खुळखुळ आवाज आला तर पट्टे पुन्हा आवळा. पुढची बॅग टायरला टेकत नाही ना, ब्रेकच्या वायरी दाबत नाही ना, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळतं ना, मांड्या बॅगेला घासत नाहीत ना, हे बघा. पट्टा जिथे रंगाला घासतो तिथे टेपचा तुकडा.

महागड्या बॅगा नसतील तरी अडत नाही. वॉटरप्रूफ गुंडाळी हँडलला पट्ट्यांनी बांधली आणि मागे जुना कॅरिअर लावला तरी गुहागर तेवढ्याच अंतरावर असतं. पाठीवर सॅक मात्र नको. पहिले वीस किलोमीटर ती जाणवत नाही, नंतर दुसरं काही जाणवत नाही.

किती वजन योग्य? घरी-हॉटेलात राहणार असाल तर बॅगांसकट, पाणी सोडून, सहा ते आठ किलोंत बसवा. पाणी दोन लिटर म्हणजे दोन किलो. ते कमी करू नका. आमच्या ग्रुपमधल्या एकाने, त्याचं नाव सांगत नाही कारण तो हा कॉलम वाचतो, निघायच्या आठवडाभर आधी सगळं सामान बाथरूमच्या काट्यावर ठेवलं. पाण्याशिवाय चौदा किलो. मग तो यादी घेऊन बसला आणि प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहिला: ‘हे गावात मिळतं का?’ रात्री अकरापर्यंत काटा साडेसातवर आला होता. तरी तीन टी-शर्टांवरून वाद झालाच.

तीन आठवड्यांचं टाइमटेबल

तीन आठवडे आधी: रिकाम्या सायकलवर लागोपाठ दोन दिवस चालवा. शनिवारी पन्नास, रविवारी पन्नास. एका दिवसाचं शंभर अनेकांना जमतं. खरा पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच सीटवर बसण्याचा असतो.

दोन आठवडे आधी: तालीम. सगळं सामान बांधून एका रात्रीसाठी जवळच कुठेतरी जा. पुणेकरांना पानशेतचा परिसर आहे, मुंबईकरांना मांडवा-अलिबाग. भरलेली सायकल ब्रेक दाबल्यावर जास्त अंतर घेते, वळणावर वेगळी वागते, हे सामान्य रस्त्यावरच कळलेलं बरं. नवे बूट, नवी सीट, नव्या शॉर्ट्स, जे काही नवं आहे ते इथंच जुनं करून घ्या.

एक आठवडा आधी: सर्व्हिसिंग. आदल्या रात्री नव्हे! सर्व्हिसिंगनंतर तारा थोड्या सैल पडतात, गिअर पुन्हा जुळवावे लागतात. त्यासाठी मध्ये दोन-तीन दिवसांची ऑफिस राइड हवी. परतीची चौकशीही आत्ताच. रेल्वेच्या डब्यात सायकल उभी करून नेता येत नाही, ती पार्सल ऑफिसात बुक करून लगेज व्हॅनमधून जाते. ही सोय प्रत्येक गाडीला आणि प्रत्येक स्टेशनावर असेलच असं नाही. म्हणून आधी विचारा आणि त्या दिवशी लवकर पोचा.

निघायच्या आदल्या दिवशी: रोजचा मुक्काम, त्या घराचा फोन नंबर आणि पोचायची अंदाजे वेळ एका कागदावर लिहून घरी द्या. ‘रोज संध्याकाळी सातपर्यंत फोन करीन’ असं सांगा आणि खरंच करा. रात्रीचा प्रवास नियोजनातच नको. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, संध्याकाळी साडेसहाला अंधारायला लागतं. सकाळी उजाडताना निघायचं, दुपारी बारा ते तीन कोकणी माणसासारखं लवंडायचं, आणि पाचपर्यंत मुक्कामी. या रूटसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात आंबे असतात, पण दुपारी तुम्हीही पिकता.

थोडं सीरियसली

आता तुम्ही म्हणाल, दोन टी-शर्टांवरून एवढं पुराण कशाला? तर त्याचं कारण किलोंपुरतं नाही.

शहरात आपल्याला एक सवय लागलीये. सगळं आपल्यापाशी हवं. आपलं पाणी, आपला चार्जर, बॅकअप आणि बॅकअपचा बॅकअप. शेजारच्या डेस्ककडे स्टेपलर मागायलाही जीवावर येतं. हीच सवय घेऊन आपण सायकलला पाच दिवसांचं जेवण आणि तंबू बांधतो, आणि मग सगळं असल्यामुळे कुठंच थांबायची गरज उरत नाही. खाड्या ओलांडतो, गावं मागे टाकतो, किलोमीटर मोजतो. घरी येतो तेव्हा फोटो असतात, ओळख कुणाची झालेली नसते.

उलट बॅगेत जागा रिकामी असली की थांबावं लागतं. पाणी मागावं लागतं. विहिरीवरच्या आजी ‘कुठून आलास रे बाबा एवढ्या लांब, सायकलवर?’ असं विचारतात आणि पाण्याआधी हातावर गुळाचा खडा ठेवतात. कपडे वाळत घालायला कुणाची तरी दोरी मागावी लागते. फेरीची वाट बघत अर्धा तास बसलं की शेजारचा मासेवाला पुढच्या चढाची बित्तंबातमी देतो, जी कुठल्याच नकाशात नसते.

पण याला दुसरी बाजू आहे म्हणूनच ती ट्यूबची यादी इतकी कडक. पाणी मागणं हा पाहुणा असण्याचा भाग झाला. रात्री नऊ वाजता कुणाच्या तरी मुलाला मोटरसायकलवर तुमच्या मापाची, न मिळणारी ट्यूब शोधत फिरवणं हा त्रास. गाव जे सहज देऊ शकतं ते मोकळेपणाने घ्या. गाव जे देऊच शकत नाही त्याची तयारी स्वतः करून जा. आणि जे घ्याल त्याचे पैसे, न मागता, नीट द्या. पाहुणचार फुकट मिळाला म्हणून तो स्वस्त नसतो.

फ्रिजवर चिकटवायची यादी

सायकल : २ ट्यूब, पंक्चर किट, पंप, अॅडॉप्टर, मल्टिटूल, क्विक लिंक, हँगर, ब्रेक पॅड, तेल, टेप, केबल टाय, बनियन.
अंग : हेल्मेट, २ शॉर्ट्स, २ टी-शर्ट, संध्याकाळचा १ जोड, पातळ विंडचीटर, पंचा, चपला, सनस्क्रीन.
तब्येत : स्वतःची औषधं, मलमपट्टी, ओआरएस, व्हॅसलिन.
बाकी : दिवे, पॉवर बँक, चार्जर, ओळखपत्र, सुट्टे पैसे, कुलूप, पाणी.

परत आल्यावर एक काम उरतंच. बॅग रिकामी करताना जमिनीवर तीन ढीग करा: रोज वापरलेलं, एकदा वापरलेलं, हातही न लावलेलं. तिसऱ्या ढिगातलं दुरुस्तीचं आणि औषधांचं सामान उचलून परत बॅगेत टाका. ते न लागणं हीच चैन आहे. उरलेलं सगळं कपाटात. पुढच्या ट्रिपची तुमची यादी तिथंच तयार झाली, कुठल्याही कॉलमवाल्याची गरज नाही.

आणि निघताना दारात आई चिवड्याचा डबा पुढे करेल, तेव्हा तो मात्र घ्या. त्या बाबतीत वरचा नियम चालत नाही. तसा चिवडा गावात मिळत नाही!